मल्हारीचा टीव्ही

मल्हारी केरबा शिंगाडे हा कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस होता. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कूटरचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो प्रेस चालवायचा. पत्रा आत सरकवायचा, पॅडलवर पाय दाबायचा, आकार घेऊन आलेला तुकडा उचलून पेटीत टाकायचा. पाळीभर हेच. पण त्याला या कामाचा कधी कंटाळा आला नाही. त्याचा बाप केरबा दौलताबादच्या बाजूला मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कळपामागं गोदाकाठाकडं निघायचा, तो पावसाळ्याच्या तोंडाला परतायचा. मल्हारीचं लहानपण असं चालण्यात गेलं. त्यामुळं एका जागी उभं राहिलं की पगार मिळतो, ही गोष्ट त्याला कितीतरी वर्षं नवलाची वाटत होती.

बाप गेल्यावर उरलीसुरली मेंढरं विकून त्यानं गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या आणि आईला, बानाबाईला, शहरात आणलं. येताना बानाबाईनं देवाचे टाक आणले आणि भंडाऱ्याची कापडी पिशवी आणली. बाकी सगळं गावातच वाटून टाकलं. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. धनगराच्या घरात तिच्यावाचून काही सुरू होत नाही. पोर पाळण्यात घालायचं असो, कळप नव्या रानात उतरवायचा असो की नवी कातर लोकरीला लावायची असो, आधी भंडारा उधळायचा.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. शहरातल्या अर्ध्या भिंती कारखान्यांच्या नोकरभरतीच्या जाहिरातींनी भरल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्या नामांतराच्या घोषणांनी. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघत, देऊ नये म्हणून बंद पुकारले जात. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकत्र जेवणारी माणसं वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली होती. मल्हारी मधल्या बाकावर बसायचा आणि डब्यातून वर बघायचा नाही.

गल्लीत पहिला टीव्ही आला तो आप्पासाहेबांकडे. आप्पासाहेब सरकारी कचेरीत हेडक्लार्क, गावाकडं बागायत जमीन, बोलणं ऐसपैस. रविवारी सकाळी देवाधर्माची मालिका लागायची तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत जमायची. बानाबाई उंबऱ्याबाहेर, चपलांच्या शेजारी बसायची. तिला तिथून पडदा निम्माच दिसायचा. पण देव दिसला की ती हात जोडायची आणि मालिका संपेपर्यंत सोडायची नाही.

एका रविवारी मल्हारी तिला बोलवायला गेला. आप्पासाहेबांच्या बायको वच्छलाबाई शेजारणीला हसत सांगत होत्या, "बानाबाई भोळी हो. पण लुगड्याचा मेंढराचा वास काही जात नाही बघा. मेंढरं इकून किती वर्षं झाली."

बानाबाईनंही हसून मान हलवली. "जन्माचा वास हाये माय. त्यो आता लाकडांसंगच जाईल."

मल्हारी आईला घेऊन घरी आला. त्या दिवाळीला बोनस हातात पडला तसा तो थेट गुलमंडीवर गेला आणि पुष्पक टीव्ही सेंटरमधून लाकडी कपाटाचा, सरकत्या दारांचा टीव्ही हातगाडीवर घालून घरी घेऊन आला.

टीव्ही देव्हाऱ्याखालच्या टेबलावर बसवला. गच्चीवर अँटेना लागला. सगळी गल्ली आली. मल्हारीनं घरातली एकुलती एक खुर्ची वच्छलाबाईंना दिली आणि बानाबाईला सगळ्यांच्या पुढं, पडद्यासमोर बसवलं. कस्तुरानं, त्याच्या बायकोनं, टीव्हीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग बानाबाई उठली. पिशवीत हात घालून तिनं मूठभर भंडारा काढला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत टीव्हीवर उधळला. सगळे हसले, सगळ्यांच्या कपाळाला पिवळं लागलं. त्या दिवशी मल्हारीला वाटलं, आपलं बिऱ्हाड आता खरं घोड्यावरून उतरलं.

पुढं दर रविवारी मालिका सुरू झाली की बानाबाई चिमूटभर भंडारा टीव्हीवर उधळायची. घरात सगळे बघायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देव समोर आल्यावर भंडारा नाही उधळायचा, तर मग कधी उधळायचा?

महिना झाला असेल नसेल. ऐन मालिकेत पडद्यावरचं चित्र चेपत चेपत एक पांढरी रेघ झालं, जळका वास आला आणि टीव्ही बंद पडला. "होतं असं कधीमधी," आप्पासाहेब म्हणाले. "गॅरंटी आहे ना?"

गॅरंटी होती. पण गॅरंटी म्हणजे काय, हे मल्हारीला पुष्पक टीव्ही सेंटरच्या पायऱ्या चढल्यावर कळलं. टीव्ही विकताना त्याला चहा पाजणारे शेठजी आता त्याच्याकडं न बघता नवीन गिऱ्हाइकाला नवीन टीव्ही दाखवत होते. "माणूस येईल घरी. पत्ता लिहून जा." माणूस आला नाही. मल्हारी पहिली पाळी संपवून सायकलनं परत गेला. "उद्या नक्की." उद्याही आला नाही. परवा गेला तर "पार्ट मुंबईहून यायचाय." बोनसच्या वस्तूची पावती खिशात घेऊन तो दुकानात उभा राहायचा आणि त्याच्या खाकी कपड्यांना ऑइलचा वास येतोय, हे त्याला तिथं उभं राहिल्यावरच जाणवायचं.

शेवटी माणूस आला. कडुबा त्याचं नाव. पंचविशीतला, सडसडीत, बोलायला मोजका. मल्हारी कामावर होता. कडुबानं एक भाग बदलला, टीव्ही सुरू झाला. संध्याकाळी बानाबाई म्हणाली, "लई गुणाचं पोरगं हाये. देवाच्या फळीला हात लावू का म्हणून मला इचारलं. म्हणलं, लाव की बाबा, माझा हात पोचत नाय. तर खिशातला रुमाल काढला अन् रुमालात धरून एकेक टाक खाली ठिवला."

"बिघडलं काय व्हतं?" मल्हारीनं विचारलं.

"कंपनीचा दोष म्हणलं."

दोन रविवार गेले आणि टीव्ही पुन्हा गेला. तोच वास, तीच पांढरी रेघ. पुन्हा दुकान, पुन्हा "उद्या", पुन्हा कडुबा, पुन्हा तोच भाग. मग तिसऱ्यांदा. या वेळी शेठजी म्हणाले, माणूस घरी येणार नाही, सेट इथं आणून टाका. मल्हारीनं टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि आजारी पोराला न्यावं तसा मांडीवर घेऊन रिक्षात बसला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "क्या भाई, तबियत खराब है क्या इसकी?"

गल्लीत चेष्टा सुरू झाली. आप्पासाहेब दारात दाढी करता करता म्हणायचे, "मल्हारी, तू टीव्ही घेतला का फोटोची चौकट?" आणि रविवारी बानाबाई पुन्हा त्यांच्या उंबऱ्याबाहेर, चपलांच्या शेजारी जाऊन बसू लागली. ते मल्हारीला बघवेना.

एकदा तो दुकानात गेला तेव्हा कडुबा जागेवर नव्हता. "नामांतराच्या मोर्चाला गेलाय," शेठजी तुटक बोलले. मल्हारीचा टीव्ही कोपऱ्यात गोधडीतच पडून होता. दुसऱ्या दिवशी कडुबा भेटला.

"काल मोर्चाला गेला व्हता म्हणं?"

"व्हय. रजा टाकून गेलतो."

"मोर्चाला वेळ हाये. आमचा टीव्ही बघाया नाय."

कडुबानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण म्हणाला इतकंच, "भाऊ, एकदा तुमच्याशी बोलायचंय. इथं नको. रविवारी घरी येऊ का?"

"घरी कशाला? आणिक एक भाग लाटायला?"

बोलून गेला आणि बोललेलं त्याला पटलं. घरी येताना सायकलवर त्यानं त्याचाच विचार केला. तोच भाग तीनदा कसा जळतो? नवा भाग काढून घेत असेल, जुना बसवत असेल. आप्पासाहेबांना त्यानं हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग? असल्यांच्या हातात वस्तू दिल्यावर दुसरं काय होणार?"

मल्हारीला खरं तर त्या शब्दानं दचकायला हवं होतं. वास येतो म्हणून आपल्या आईला बाहेर बसवणाऱ्या घरातला तो शब्द होता. पण त्याला त्या दिवशी बरं वाटलं. आप्पासाहेब आपल्या बाजूनं बोलतायत, आपल्याला आत घेऊन बोलतायत, याचं बरं वाटलं. मग तो शब्द त्यानं उचलला आणि दारोदार सांगितला. पिठाच्या गिरणीवर सांगितला, कँटीनमध्ये सांगितला, घरात आईसमोर सांगितला. एकदा तर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, कडुबा खाली मान घालून दुसरा सेट उघडत बसला असताना सांगितला. "शेठ, असल्यांच्या हातात वस्तू दिल्यावर दुसरं काय होणार?" कडुबाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

त्याच सुमारास जिल्ह्यात ग्राहकांच्या तक्रारींसाठी मंच सुरू झाला होता. आप्पासाहेबांनी अर्ज लिहून दिला. त्यांच्या अक्षरात तो भारदस्त दिसत होता: निकृष्ट माल, दुरुस्तीत हेळसांड, मेकॅनिककडून सुट्या भागांची अफरातफर. मल्हारीनं खाली सही केली. दुकानदारानं टीव्ही न उघडता आहे तसाच परत पाठवला आणि सुनावणीची तारीख लागली.

तारखेच्या आधीच्या रविवारी बानाबाई कस्तुरासंगं शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला गेली होती. मल्हारीनं कारखान्यातल्या रामकिसनला बोलावून घेतलं. रामकिसन मेंटेनन्सचा वायरमन, विजेतलं बरंच कळणारा, जिभेला हाड नसलेला. "उघड अन् बघ," मल्हारी म्हणाला. "जुना भाग बसवला असंल तर मंचापुढं सांगता येईल."

रामकिसननं टीव्ही फिरवला, मागचं झाकण काढलं आणि बाजूला सरकला.

आत सगळं पिवळं होतं. तारांवर, काचेच्या नळीच्या मानेवर, तळाशी, सगळीकडं हळद. एका जाड काळ्या भागावर तिचे थर जळून खरपूस झाले होते. खोलीभर हळदीचा वास सुटला. मल्हारीला तो वास झोपेतही ओळखता आला असता.

"मल्हारी," रामकिसन हळूच म्हणाला, "ही तर जेजुरी झाली रे."

मल्हारी खाली बसला.

"या भागात लई मोठं व्होल्टेज असतं. आजूबाजूची धूळ आपोआप ओढून घेतं. त्यात ही हळद. दमट हवेत ओली होती, मग आतच ठिणग्या उडत्यात. कितीबी नवे भाग घाल, जळणारच." रामकिसननं बोटानं हळद उचलली, नाकाशी नेली. "त्या पोरानं दरवेळी पुसलं असंल बघ. न्हाईतर याच्या चौपट असती. हे नंतरचंच हाये."

"त्यानं सांगितलं काहून नाय?"

"ते त्यालाच इचार." मग रामकिसननं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "आता एक काम कर. कापड आण. पुसून टाकू. तुझा पैका काही हरामाचा नाय. दुकानदारानं तुला कमी फिरवलं का? आत काय व्हतं, कुणाला कळणार?"

मल्हारीनं कापड आणलं. ते आणताना त्याला वाटत होतं की आपण नुसतं कापड आणतोय, पुसायचं की नाही ते अजून ठरायचंय. पण रामकिसननं पुसायला घेतलं तसं त्यानंही एक टोक धरलं. दोघांनी फुंकून, चोळून, काडीला कापूस लावून आतला कोपरान्‌कोपरा स्वच्छ केला. काळ्या भागावरची खरपुडी मल्हारीनं स्वतः नखानं काढली. बानाबाई साताऱ्याहून आली तेव्हा टीव्ही झाकण लावून जागेवर ठेवलेला होता. तिनं प्रसादाचा भंडारा मल्हारीच्या कपाळाला लावला. त्याच्या नखातलं पिवळं तिला दिसलं नाही.

सुनावणीला बानाबाईलाही न्यायचं असं आप्पासाहेबांनीच सुचवलं. "म्हातारीला बघून दया येते." ती नवं लुगडं नेसून कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि कडुबा आत आला तेव्हा त्याच्याकडं बघून ओळखीचं हसली. त्या पोराला चोर ठरवायला सगळे जमलेत, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

टेबलामागच्या साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. शेठजींनी हात झटकले. "माल चांगला आहे. मेकॅनिकनं काय केलं ते त्याला विचारा." साहेब कडुबाला म्हणाले, "उघडा. आत काय आहे ते सगळ्यांना दाखवा."

कडुबा पुढं आला. त्याच्या चालण्यात घाई नव्हती. आज एकदाचं सगळं उघड होणार, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं झाकण काढलं आणि आत पाहिलं. आत लखलखीत होतं. दुकानातल्या नव्या सेटमध्येही असत नाही इतकं स्वच्छ. त्यानं एकदा मल्हारीकडं पाहिलं. फक्त एकदाच. मल्हारीनं हात सदऱ्याच्या खिशात घातले.

"तुम्ही दोनदा उघडला तेव्हा आत काय होतं?" साहेबांनी विचारलं.

कडुबानं बाकाकडं पाहिलं. बानाबाई त्याला धीर द्यावा तशी मान हलवत होती.

"धूळ व्हती, साहेब."

"नुसती धूळ?"

"व्हय."

"मग तोच भाग तीनदा कसा जळला?"

त्यानं झाकण उचलून पुन्हा जागेवर लावलं. "बसवण्यात माझी चूक झाली असंल."

निकाल मल्हारीच्या बाजूनं लागला. दुकानातून नवा टीव्ही यायचा होता. आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाहेर पायरीवर शेठजी कडुबाला काहीतरी बोलत होते आणि कडुबा खिशातून दुकानाची किल्ली काढून त्यांच्या हातात देत होता. मल्हारी आईचा दंड धरून भरभर चालू लागला.

"आरं हळू," बानाबाई म्हणाली. "त्या लेकराला भेटू दे की."

"त्याला काम हाये माय."

नवा टीव्ही आला. गल्ली पुन्हा जमली, वच्छलाबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या, मंचाची गोष्ट आप्पासाहेबांनी पुन्हा रंगवून सांगितली.  कारखान्यात पत्रा सरकवताना मल्हारीला ते चकचकीत आतलं अंग दिसायचं आणि त्यावर वाकलेलं कडुबाचं तोंड. कोणी म्हणालं, गुलमंडीवर त्याला आता कुणी उभं करत नाही. कोणी म्हणालं, वाळूजला गोडाऊनवर पोती उतरवतो. मल्हारी ऐकायचा आणि डब्यातून वर बघायचा नाही.

रविवार उजाडला. मालिका सुरू झाली, शंख वाजला. बानाबाई उठली, पिशवीत हात घातला आणि चिमूट उचलली.

मल्हारीनं तिचा हात धरला.

सगळं आयुष्य गेलं, पण पोरानं भंडाऱ्याचा हात कधी धरला नव्हता. बानाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. कस्तुरा भाकरी थापायची थांबली.

"माय, नको," तो म्हणाला. "त्यानंच बिघडतो."

"कशानं?"

त्यानं सांगितलं. साताऱ्याच्या रविवारचंही सांगितलं. रामकिसनचं, कापडाचं, नखाचं. सांगताना तो टीव्हीकडं बघत होता आणि टीव्हीत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. बानाबाई तशीच उभी होती. चिमटीतला भंडारा तिच्या पायावर सांडला.

"मला सांगितलं व्हतं त्यानं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्यांदा आलं तव्हा म्या भ्याले. म्हणलं बाबा, देवाचा कोप तर नाय? तर त्यो म्हणला, नाय आजी, कंपनीचा दोष. फक्त ह्याच्यावर धूळ पडू देऊ नका. म्या म्हणलं, धूळ तर रोज पुसती." ती खाली बसली. "दुसऱ्यांदा त्यो म्हणला, आजी, भंडारा देवालाच वाहत जा. म्या म्हणलं, व्हय बाबा, देवालाच वाहती. देव तर ह्यातच यायचा की रं रविवारी. मला वाटलं, माझं बरोबर चाललंय."

शंख पुन्हा वाजला. कस्तुरानं उठून टीव्ही बंद केला.

"मंज्ये त्या दिवशी माझ्याकडं बघून त्यो धूळ म्हणला," बानाबाई म्हणाली. "अन् तू सोता पुसून आलता." तिनं भंडाऱ्याची पिशवी गाठ मारून देव्हाऱ्यात ठेवली आणि चपला पायात घातल्या. "घर ठावं हाये का त्याचं?"

कडुबा भावसिंगपुऱ्यात राहत होता. विचारत विचारत दोघं पोचली तेव्हा तो अंगणात आंघोळ करून डोकं पुसत होता. खांद्यावर पोत्यांचे लाल वळ होते. त्यानं बाज टाकली, "बसा आजी" म्हणाला. मल्हारीला बस म्हणाला नाही. घरातून पाणी आलं. बानाबाईनं तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायलं आणि तो मल्हारीच्या हातात दिला. मल्हारीही प्याला.

"कडुबा भाऊ," तो म्हणाला. "हळद व्हती. म्याच पुसली."

"ठावं हाये मला. झाकण काढलं तव्हाच कळलं." कडुबा टॉवेल दोरीवर टाकत होता. "रविवारी घरी येऊ का म्हणलो व्हतो, ते हेच सांगाया. आजीसमोर नाय, तुम्हाला एकट्याला."

"चुकलं माझं."

"माझ्या घरात सांगून काय उपेग, भाऊ? इथं सगळ्यांना ठावं हाये म्या काय केलं अन् काय नाय." त्याचा आवाज चढला नाही. "जिथं जिथं सांगितलं, तिथं सांगा."

बानाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, मग मध्येच थांबवला आणि विचारलं, "लावू का रं हात?" कडुबानं मान खाली केली.

सोमवारी मल्हारीनं कामावर खाडा केला. हातगाडी आणली, नवा टीव्ही गोधडीत बांधून त्यावर ठेवला. बानाबाई गाडीमागं चालत निघाली. पहिलंच दार आप्पासाहेबांचं. ते कचेरीला निघाले होते.

"काय रे मल्हारी, हाही बिघडला?"

"नाय. ह्यो चांगला हाये. पहिला बी चांगलाच व्हता. आमच्या भंडाऱ्यानं बिघडला. त्या मेकॅनिकनं काही घेतलं नव्हतं."

"अरे, मग आता कशाला हे? निकाल लागला ना आपल्या बाजूनं?"

"म्हणून तर परत द्याया चाललो."

वच्छलाबाई आतून बाहेर आल्या आणि हसू दाबत परत आत गेल्या. मल्हारीनं गाडी पुढं ढकलली. पुढच्या दारी त्यानं तेच सांगितलं. गिरणीवर सांगितलं. गिरणीवाला म्हणाला, "हळदीनं व्हय? मायला, भारीच की." आणि दळायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जिथं जिथं त्यानं दोन महिने कडुबाचं नाव घेतलं होतं तिथं तिथं गाडी थांबत होती. कँटीनमध्ये उद्या सांगायचं होतं. काही जण हसले, काहींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक म्हातारा म्हणाला, "सोड ना बाबा, कोण ध्यानात ठेवतंय." पण त्यांच्या ध्यानात होतं हे मल्हारीला दिसत होतं.

गुलमंडीवर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं होती. मल्हारीनं टीव्ही उचलून काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. हळदीचं सांगितलं, पुसल्याचं सांगितलं, मंचापुढं गप्प बसल्याचं सांगितलं. मंचात जाऊन हेच लिहून देतो, असंही म्हणाला. शेठजींनी गोधडी सोडून सेट तपासला. "ठीक आहे. माल आला. त्या पोराला पाठवा, बघू."

मल्हारी पायऱ्या उतरून खाली आला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. बानाबाई हातगाडीच्या सावलीला बसली होती.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"सगळं?"

त्यानं गोधडीची घडी घातली. मग उलगडून पुन्हा घातली.

"त्यो शब्द?" बानाबाई म्हणाली. "असल्यांच्या हातात, म्हणलं व्हतास त्यो. घरात म्हणला. इथं बी म्हणला असशील."

प्रत्येक दारी हळद सांगताना मल्हारीला वाटलं होतं, यापेक्षा जड काही उरलेलं नाही. तो शब्द त्यानं एकाही दारी काढला नव्हता. हळदीची चूक सांगता येत होती. लोक हसत होते, पण ती सांगता येत होती.

त्यानं दुकानाकडं पाहिलं. शेठजी एका जोडप्याला नवा सेट दाखवत होते. कोपऱ्यात, जिथं कडुबा मान खाली घालून बसायचा, तिथला स्टूल रिकामा होता.

"म्या थांबते हितं," बानाबाई म्हणाली.

मल्हारीनं गोधडी गाडीवर ठेवली आणि पुन्हा पायऱ्या चढू लागला.